खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

माझी सून लग्न होऊन उमरग्यात आली तेव्हा ती नेमकं काय काम करते हे मला कुणालाच धड सांगता यायचं नाही. शेजारणींनी विचारलं की मी म्हणायचे, "कॉम्प्युटरचं काहीतरी करते." डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, माझ्याहून हुशार. ते म्हणायचे, "पुण्याच्या कंपनीत आहे, घरूनच काम असतं," आणि लोकांचं समाधान व्हायचं. माझं होत नसे. आमचा हायवेवरचा दवाखाना उभा राहिल्यापासून डॉक्टर ऑपरेशन करतात आणि मी भूल देते. माझं काम दिसतं. माणूस झोपतो, माणूस उठतो. दिवसभर पडद्याकडं बघत बसलेल्या मुलीच्या हातून नक्की काय होतं हे मला कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट मला आवडत नाही.

शेवटी मी तिला सरळच विचारलं. ती ढोकीची, वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आणि बोलणं वडिलांसारखंच मोजकं. म्हणाली, "आई, लोकं जी माहिती भरतात ती जिथं राहते त्याला डेटाबेस म्हणतात. ती तिथं नीट राहती का, मागितली की मिळती का, लाइट गेली तरी टिकती का, एवढं मी बघते."

"म्हणजे राखण करतेस."

"तसंच म्हणा," असं म्हणून ती परत पडद्याकडं वळली. राखणदाराला एवढा पगार कशाचा, असं माझ्या मनात आलं, पण तोंडातून बाहेर आलं नाही. सासू असले तरी तेवढं भान मला आहे.

गेल्या वर्षी डॉक्टरांच्या डोक्यात दवाखाना कॉम्प्युटरवर आणायचं खूळ शिरलं. खूळ मी म्हणते. ते त्याला आधुनिकीकरण म्हणत. आमच्याकडं खोलीभर केसपेपरचे गठ्ठे होते आणि पेशंटचा जुना कागद शोधण्यात सकाळ जायची, त्यामुळं मनातून मलाही ते हवंच होतं. दसऱ्याला सकाळी उद्घाटन आणि त्या दिवसापासून कागद बंद, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मांडववाल्याला सांगितलं, गावातल्या चार मोठ्या लोकांना बोलावलं, नारळ फोडायला सोलापूरच्या एका सर्जनला, त्यांच्या वर्गमित्राला, आमंत्रण गेलं. हे सगळं झाल्यावर मग सर्व्हर आला.

तो बसवायचं काम सोलापूरच्याच एका माणसाला दिलं होतं. त्यानं जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर बसवला, आम्हाला शिकवलं, आणि शिकण्यासाठी म्हणून आमच्याच पेशंटच्या माहितीची एक नक्कल करून दिली. "हिच्यावर पाहिजे तेवढ्या चुका करा," म्हणाला. आम्ही मनसोक्त केल्या. मग एके दिवशी त्यानं सांगितलं की आता खरं सुरू झालं, इथून पुढं जपून लिहा. आणि तो गेला. तेव्हापासून सगळं कागदावरही लिहायचं आणि कॉम्प्युटरवरही, असा दुहेरी कारभार चालला होता. दवाखान्यातलं माणूस न् माणूस वैतागलं होतं आणि दसरा कधी येतो याची वाट बघत होतं.

डॉक्टर सुनेला म्हणाले, "जाता जाता एक नजर टाक. आणि उद्घाटनाला माइकवर दोन शब्द बोल, की मी तपासलंय, सगळं ठीक आहे. घरचीच तज्ज्ञ सांगते म्हटल्यावर लोकांना बरं वाटेल."

"बघते आणि मग सांगते, बाबा," ती म्हणाली. डॉक्टरांना यातलं 'बघते' एवढंच ऐकू गेलं.

जाता जाता काही बघणं हा प्रकारच तिच्याकडं नाही. पुण्याच्या कामातून उसंत मिळाली की ती जिन्याखालच्या खोलीत स्टूल टाकून बसायची. मीही दोन पेशंटच्या मध्ये तिथं डोकावू लागले. पासवर्ड सगळ्यांना एकच, आणि तोही चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. तिनं चिठ्ठी काढली, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला आणि सिस्टरांच्या शिव्या खाल्ल्या. रोज रात्री माहितीची नक्कल निघते असं सोलापूरवाल्यानं सांगितलं होतं. ते तिनं नुसतं ऐकून घेतलं नाही. ती नक्कल उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, आतले पेशंट खरोखर आहेत हे बघितलं आणि मगच मान हलवली. आपल्या गावाचं नाव मराठीत लिहून ते जसंच्या तसं परत येतं का बघितलं. सर्व्हरजवळ बसून झालं की रिसेप्शनच्या खुर्चीत जाऊन बसायची, मग वॉर्डातल्या शेवटच्या टेबलाशी. म्हणायची, "सर्व्हरपाशी बसून सगळंच बरं दिसतं. वापरणारा कुठं बसतो तिथून बघायला पाहिजे."

तिथं मला ती पहिल्यांदा आपली वाटली. मी रोज सकाळी भूल द्यायचं मशीन स्वतः तपासते. काट्यावर ऑक्सिजन भरलेला दिसत असला तरी सिलेंडरची चावी फिरवून बघते, नळी हातात धरून तोंडाशी नेऊन बघते. नवे पोरगे डॉक्टर येतात ते याला हसतात. मी त्यांना हसू देते. झोपवणं फारसं अवघड नाही. झोपलेला माणूस परत उठवणं, ही खरी जबाबदारी. ही मुलगी वेगळ्या यंत्रापाशी बसून तेच करत होती, आणि तिला कुणी ते शिकवलं होतं असंही दिसत नव्हतं. नंतर एकदा म्हणाली, की कारखान्यात बॉयलर पेटवायचा कार्यक्रम असतो, पाहुणे येतात, फुलं वाहतात. तिचे वडील त्याच्या आधीच वाफ करून बघून ठेवायचे आणि कार्यक्रमाला मागं उभे राहायचे.

नवरात्रात जेवताना तिनं सांगितलं, "बाकी झालं. एकदा बंद करून चालू करायचं राहिलंय. नवमीला संध्याकाळी पेशंट कमी असतात, तेव्हा करते."

डॉक्टरांनी वाटी खाली ठेवली. "चालू आहे ना? मग चालत्या गाडीला थांबवून काय बघायचं?"

"चालू आहे ते दिसतंय, बाबा. चालू होतंय का, ते बघायचंय."

डॉक्टरांना हा शब्दच्छल वाटला. मला वाटला नाही, पण मी भाजीकडं लक्ष दिलं.

तिची संध्याकाळ यायच्या आतच आमच्या मामांनी काम उरकलं. मामा म्हणजे आमचे जुने कंपाउंडर, वयानं डॉक्टरांहून मोठे, आणि खंडेनवमीची पूजा हे त्यांचं खातं. त्या दिवशी ऑपरेशनची हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली जातात, एक्स-रे मशीनला झेंडूची माळ पडते, अँब्युलन्सला लिंबू बांधतात, माझ्या स्टेथोस्कोपलाही हळदीकुंकू लागतं. यात मामांचा एक नियम कडक आहे. ज्याची पूजा करायची त्याला आधी विसावा द्यायचा. चालतं यंत्र पुजायचं नाही. वर्षभर राबलंय, एक दिवस तरी त्याला आपल्यासमोर निवांत बसू द्यावं. इतकी वर्षं मला ही गोष्ट फार आवडत आली आहे आणि अजूनही आवडते.

तर दुपारी मामा जिन्याखाली गेले, सर्व्हर बंद केला, त्यावर कुंकवाचं बोट ओढलं, फूल ठेवलं, आरती झाली, आणि पुन्हा चालू केला. दिवे लागले, पंखा घरघरला, थोड्या वेळात रिसेप्शनवर पेशंटची नावं दिसायला लागली. मामांनी पेढे वाटले. ऑफिसचा कॉल संपवून सून वरच्या घरातून खाली आली तेव्हा मामा तिला कौतुकानं सांगत होते, "म्याच बंद केला, म्याच चालू केला. काय बी झालं न्हाय बगा. लई गुणाचं यंत्र हाय."

आता ही चिडणार, असं मला वाटलं. मी चिडले असते. मला न विचारता माझ्या मशीनला कुणी हात लावला तर मी काय करते हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे. ती हसली. "मामा, माझंच काम तुम्ही केलं की," म्हणाली, त्यांच्या हातचा पेढा खाल्ला आणि रिसेप्शनच्या खुर्चीत बसली. चालू आहे का, हे तिनं बघितलंच नाही. मला म्हणाली, "आई, या चार-दोन दिवसांत तुमच्या हातानं काय लिहिलंत, आठवतंय का? ते काढून बघा."

मला लगेच आठवलं. सीमेपलीकडच्या एका खेड्यातली बाई आमच्याकडं बाळंतपणाला होती; तिचं नाव पहिल्या तपासणीपासून आमच्याकडं नोंदलेलं होतं. पहिलं सिझर झालेलं, दुसरंही करावंच लागणार होतं, आणि घरच्यांनी हट्टानं दसऱ्याचा दिवस धरलेला. दसऱ्याचं मूल हवं असणारे आमच्याकडं दरवर्षी येतात. मी तिला तपासायला गेले तेव्हा तिच्या आईनं अर्ध्या कानडीत अर्ध्या मराठीत सांगितलं होतं, की मागच्या वेळी दुसऱ्या गावी ऑपरेशनआधी एक इंजेक्शन दिलं आणि पोरीच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला, मरता मरता वाचली. कोणतं इंजेक्शन, ते मी चौकशी करून काढलं. ऑपरेशनआधी आम्ही सगळ्यांनाच देतो तेच अँटिबायोटिक. मी ते कॉम्प्युटरवर स्वतः लिहिलं होतं, तिच्या नावावर लाल अक्षरांत दिसेल असं.

नाव काढलं. बाई होती. गाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, रक्तगट होता. लाल ओळ नव्हती.

मी पुन्हा काढलं. पुन्हा तेच. सून शांतपणे उठली, जिन्याखाली गेली, मी तिच्या मागं. तिनं काहीतरी थोडंसं टाइप केलं आणि पडद्यावर दोन-तीन ओळी आल्या.

"काय विचारलंस?"

"कोण तू, कुठं राहतोस आणि कधी उठलास, एवढंच विचारलं." ती ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हा आपला न्हाय, आई. ही शिकायची नक्कल आहे."

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. एकाच सर्व्हरवर सोलापूरवाल्यानं दोन डेटाबेस मांडले होते, एक शिकण्याचा आणि एक खरा. एका घरात दोन जावांच्या दोन चुली असाव्यात तसे. पण घराला दार एकच. कडी वाजली की जी आधी उठेल ती दार उघडणार, आणि पाहुणा तिलाच मालकीण समजणार. यंत्र चालू झालं की आपोआप उठायचं, हे त्यानं शिकण्याच्या डेटाबेसला सांगून ठेवलं होतं. खऱ्याला तसं सांगायचं राहून गेलं. त्याला त्यानं त्या दिवशी हातानं उठवलं होतं, आणि तेव्हापासून तो नुसता जागा होता. मामांनी त्याला झोपवलं. मग उठली ती दुसरी, शिकण्याची.

"म्हणजे मी लिहिलेलं गेलं?"

"गेलं न्हाय. झोपलंय. उठवते." तिनं काहीतरी केलं, मला परत बाहेर पाठवलं, मी नाव काढलं आणि लाल ओळ दिसली. मी तिथंच खुर्चीत बसले. मला घाम फुटला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या बाईचं मला तोंडपाठ होतं, आणि टेबलावर घेतल्यावर मी तिला विचारल्याशिवाय राहिलेच नसते. पण मी रजेवर असले की भूल द्यायला सोलापूरहून कुणीतरी येतं. दसऱ्यापासून कागद बंद. त्या नव्या माणसानं पडद्यावर नाव, गाव, रक्तगट सगळं बरोबर बघितलं असतं आणि विश्वास ठेवला असता. रिकामा पडदा आला असता तर कुणीही सावध झालं असतं. जुनी माहिती नव्यासारखी समोर आली तर कोण सावध होणार? माझ्या डोळ्यांसमोर सगळे पेढे खात उभे होते आणि एकालाही शंका आली नव्हती. मलाही नाही.

चहाच्या वेळी तिनं डॉक्टरांना हे सांगितलं. कुणाला दोष न देता, मामांचं तर नावही न घेता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सापडलं ना? झालं तर मग. संध्याकाळी नीट कर आणि उद्या बोल माइकवर."

"संध्याकाळी करते. उद्या सकाळी परत बंद करून बघीन. उठला तर बोलीन."

"आणि नाही उठला तर? दारात पाहुणे उभे असताना मी काय सांगू?"

"तेच सांगायचं. अजून झालं न्हाय म्हणून."

डॉक्टरांची मान लाल झाली. ही खूण मी लग्नापासून ओळखते. "सगळ्या गावासमोर माझ्या सुनेनं मला थांबवायचं?" ते म्हणाले. तिनं खाली बघितलंही नाही. डॉक्टर कप तसाच ठेवून उठून गेले.

ती नवी सून. या घरात तिच्या शब्दाला अजून वजन यायचं होतं, आणि माझ्या यजमानांनी एकदा मनात गाठ मारली की ती सुटायला वर्षं लागतात, हे तिला माझ्या मुलाकडून कळलेलं असणारच. एक वाक्य माइकवर बोलून टाकलं असतं तर सगळे खूष झाले असते. मी तिला म्हटलं, "बाई, मी समजावते त्यांना." ती म्हणाली, "नको, आई. तुम्ही सांगितलं म्हणून ऐकलं तर उपयोग न्हाय." मला तिचा राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि तो मी तोंडावर दाखवला नाही.

संध्याकाळी तिनं सगळं नीट केलं. शिकण्याचा डेटाबेस बंद करून त्याचं आपोआप उठणं काढून टाकलं, खऱ्याला तसं सांगितलं, पुन्हा पुन्हा बंद करून चालू केलं. प्रत्येक वेळी बरोबर उठला. मी म्हटलं, झालं की आता. ती म्हणाली, "माझ्या हातानं झालं. मला माहितीय कुठं काय करायचं. ज्याला माहिती न्हाय त्याच्या हातानं व्हायला पाहिजे. इथं रोज मी थोडीच असणार?"

दसऱ्याच्या सकाळी दारात मांडव, आंब्याची तोरणं, खुर्च्यांवर गावातली मंडळी. सोलापूरचे सर्जन वेळेवर आले. तिनं सकाळीच सगळ्या माहितीची नक्कल काढून वेगळी ठेवली होती आणि डॉक्टरांना एकट्यात गाठायला बघत होती, पण डॉक्टर आदल्या दिवशीच्या चहापासून तिच्याशी बोलत नव्हते. ती जवळ आलेली बघून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ये. काय बघायचंय ते सगळ्यांसमोरच बघू."

तिनं मान हलवली. "मग तुम्हीच बंद करा, बाबा. मी हात लावणार न्हाय."

जिन्याखालच्या खोलीच्या दारात माणसं दाटली. ती सांगेल तसं डॉक्टरांनी पडद्यावरून रीतसर सर्व्हर बंद केला आणि चालू केला. ती हात मागं बांधून भिंतीशी उभी होती. थोड्या वेळानं रिसेप्शनवरून आवाज आला की आलं, सगळं आलं. मी स्वतः जाऊन त्या बाईचं नाव काढलं. लाल ओळ जागेवर होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी नारळ मित्राच्या हातात दिला, माइक सुनेपुढं धरला. चेहरा खुलला होता.

तिनं माइक घेतला नाही. हळू आवाजात म्हणाली, पण माइक समोर असल्यामुळं ते मांडवभर गेलं, "बाबा, हे आपण सांगून बंद केलं. आपल्याकडं लाइट सांगून जात न्हाय."

मांडवात कुणीतरी हसलं. सोलापूरचे सर्जन म्हणाले, "अरे, ही तर तुझ्याहून कडक निघाली." डॉक्टरांची मान पुन्हा लाल झाली. ऑपरेशन करताना मध्ये कुणी प्रश्न विचारला म्हणून हातातला चिमटा फेकलेला हा माणूस. मी मनाशी ठरवलं, आता ते काही बोलले तर मी मध्ये पडायचं, मग पाहुण्यांसमोर काय व्हायचं ते होवो.

ते माइक टेबलावर ठेवून परत जिन्याखाली गेले. आतून त्यांचा आवाज आला, "कुठला खटका?"

"आधी बॅटरीचा. मग हा मोठा."

एकामागून एक दोन खटके ओढल्याचा आवाज आला. मग पंखा थांबला आणि खोली एकदम गप्प झाली. डॉक्टरांनी थोडं थांबून खटके वर केले आणि तिथंच उभे राहिले, तिच्या शेजारी. यावेळी जास्त वेळ लागला. मधेच लाइट गेली तर अर्धवट राहिलेलं आवरून मगच तो उठतो, असं ती त्यांना हळूच सांगत होती, आणि ते ऐकत होते. बाहेर सर्जनांनी घड्याळ बघितलं. डॉक्टरांनी बघितलं नाही.

मग ते स्वतः रिसेप्शनच्या खुर्चीत बसले. एका बोटानं, अक्षर शोधत, त्या बाईचं नाव लिहिलं. लाल ओळ आली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, आणि मान वळवून विचारलं, "करू का सुरू?"

तिनं मला न दिसता पदरानं डोळे टिपले असतील तर मला माहीत नाही; मला दिसलं ते एवढंच, की ती मांडवात गेली, माइक उचलला आणि म्हणाली, "सर्व्हर नीट बसलेला आहे. मी बघितलं, आणि बाबांनी पण बघितलं." आणि माइक ठेवून चहाच्या कपांकडं वळली.

दुपारी आम्ही त्या बाईला टेबलावर घेतलं. मी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, तिच्याशी दोन गोष्टी केल्या, डॉक्टर हात धुऊन हातमोजे चढवून आले. थिएटरमधल्या सिस्टरला ते म्हणाले, "पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा." तिनं वाचलं. त्या औषधाची बाटली मी आधीच ट्रेमधून काढली होती, ते त्यांनी बघितलं होतं, आणि सकाळी ही ओळ त्यांनी स्वतः वाचली होती. त्यांनी चाकूसाठी हात पुढं केला आणि मधेच मागं घेतला.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्याकडूनसुद्धा कुठली गोष्ट दुसऱ्यांदा वाचून घेतली नव्हती. मी तिला वाच म्हणून खुणावलं. तिनं पुन्हा वाचलं, सावकाश, आणि मगच डॉक्टरांनी चाकू घेतला. मला सुनेचा थोडा हेवा वाटला आणि फार बरं वाटलं.